शेळ्या खात नाहीत ते झाड

कण्हेरीच्या झाडाजवळ मी आजही उभी राहत नाही. नातसुनेनं परवा अंगणात लावायला कण्हेरीचं रोप आणलं. मी म्हटलं, दुसरं काहीही लाव, हे परत कर. तिला वाटलं, म्हातारीला खूळ लागलं. सांगायला बसले तर तिला स्वयंपाकाची घाई. म्हणून लिहून ठेवते.

माझं माहेर वालूरचं, सासर बोरीजवळच्या एका खेड्यात. निजामाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झाली होती तेव्हा मी लग्न होऊन तिथं गेले. चौथी शिकले होते. सासूबाईंना रोज देवाला ताजी फुलं लागत. फुलं नसली की त्या दुपारपर्यंत कुणाशी बोलत नसत. परसातली फुलझाडं हे आपसूक माझं काम झालं.

आमच्या गावची माती काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडत, आणि भेगेबरोबर नाजूक झाडांची मुळंही तुटत. विहीर लांब, पाणी डोक्यावर आणायचं. झाडांच्या वाट्याला फक्त न्हाणीचं सांडपाणी. झेंडू दिवाळीला भरभरून यायचा आणि मग वाळून जायचा. दरवर्षी नव्यानं पेरायचा मला कंटाळा. एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहील असंच मी शोधत होते. गुलबक्षी लावली. ती उन्हाळ्यात वरून मरते, पण तिचे गड्डे मातीत जिवंत असतात, पावसाला फुटतात. शेवंतीची पिल्लं, म्हणजे मुळाशी फुटलेले कोंब, माहेराहून ओल्या फडक्यात बांधून आणली. सदाफुलीला काहीच लागत नाही, ती न्हाणीच्या दगडाच्या फटीतही येते. जास्वंदीचं मात्र नुसतं खोड राहिलं. पानं शेजारच्या शेळ्यांनी खाल्ली.

शेजारचा घरधनी मेंढरं घेऊन महिनोन् महिने बाहेर असायचा. घरच्या तीन शेळ्या त्याची बायको बघायची. मी तिला मावशी म्हणायची. तोंडानं फटकळ बाई. सासूबाईंचं आणि तिचं कुंपणावरून रोज वाजायचं.

"तुझ्या शेळ्यांनी माझ्या देवाची फुलं खाल्ली गं."

"खाऊ द्या की. देव काय उपाशी मरायलाय? शेळी मरंल."

माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, यावर उपाय काढला. महादेवाच्या देवळामागून कण्हेरीच्या फांद्या आणल्या आणि पावसाळ्यात दोन घरांच्या मधल्या कुंपणाला ओळीनं खोचल्या. अंगठ्याएवढी जाड, वीतभर फांदी खोचली की लागते.

"शेळी तोंड लावत न्हाई, पाणी मागत न्हाई, अन् बारा महिने फूल," मामंजी म्हणाले. त्यातलं एकही खोटं नव्हतं.

मला आणखी एक गोष्ट माहीत होती. वालूरला आमच्या गल्लीतली एक सून कण्हेर पोटात जाऊन दगावली होती. तिला बाजेवर घालून बाहेर काढलेलं मी लहानपणी पाहिलं होतं. मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, ते झाड विषारी असतं."

"मग खाऊ नकोस. तुला फुलं तोडायला सांगितल्यात, भाजी करायला न्हाई."

कण्हेर दोन पावसाळ्यांत माझ्या डोक्याच्या वर गेली. गुलाबी फुलांनी लगडली. सासूबाई खूश.

माझी पहिली मुलगी चार महिन्यांची होऊन तापानं गेली. तिच्या पाठीवर एक मुलगा. तो झाला आणि मी आजारी पडले, अंगावरचं दूध आटलं. गाईचं दूध त्याला पचेना, रोज जुलाब. मावशीनं शेळीचं दूध आणून दिलं, ते पचलं. तेव्हापासून रोज सकाळी धार काढली की ती गडवाभर दूध कुंपणावरून द्यायची. आम्ही तिला ताक आणि कडबा द्यायचो. पोराचा जीव त्या गडव्यावर होता.

तो रांगायला लागला तशी माझी झोप उडाली. खाली पडलेली गुलाबी फुलं दिसली की तो सरळ तिकडं निघायचा. मी आधी कुंपणाखालची जमीन झाडायची, मग त्याला खाली सोडायची. पाणी आणायला जाताना लुगड्याच्या चिंधीनं त्याला बाजेच्या खुराला बांधायची. सासूबाई म्हणायच्या, "वासरू हाय का ते?" मी बांधायचीच. संकट आलं तर झाडावरून खाली पडेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मृग जवळ आला तशी मामंजींनी कण्हेर छाटली. फांद्यांचा ढीग पडला. चुलीत घालायच्या नाहीत एवढं त्यांना ठाऊक होतं, धूर वाईट असतो. कुंपणाला मावशीच्या गोठ्याकडून एक खिंडार पडलं होतं. शेळ्या तिथूनच घुसायच्या. त्यांनी तो सगळा पाला तिथं कोंबला. शेळी कण्हेर खात नाही, म्हणजे कण्हेरीतून येणारही नाही, हा त्यांचा हिशेब. गावातल्या कुणीही तसाच केला असता. हिरवी कण्हेर कडूजहर असते म्हणून शेळी खात नाही. वाळली की कडूपणा कमी होतो, विष मात्र तेवढंच राहतं. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. पाला उन्हात वाळत पडला.

त्या दिवशी सकाळी दूध आलं, पोरगं ते प्यायलं आणि झोळीत झोपलं. मी भाकरी करत होते. नवरा औत घेऊन रानात गेला होता. उन्हं वर आली आणि मावशी ओरडत आमच्या घरात शिरली. डोक्यावर पदर नाही. मामंजी ओसरीत बसलेले, तरी तिला भान नाही.

"पोराला दूध पाजलंस का?"

"पाजलं. का?"

"दोन शेळ्या पडल्या. त्वांडाला फेस यायलाय. आधी लेकराला उठव!"

"पान लागलं का काय?" सासूबाईंनी विचारलं. साप चावला का, असं त्यांना म्हणायचं होतं.

मावशीनं हातातली काडी पुढं केली. शेळीच्या तोंडातून काढलेली. कण्हेरीची फांदी होती, पानं सगळी गेलेली. मामंजी उठून आले, ती हातात घेऊन उलटसुलट बघितली. खिंडारात त्यांनीच कोंबलेली.

मी झोळीतून पोराला उचललं. अंग सैल. हाक मारली, तळपायाला चापट मारली. त्यानं डोळे किलकिले केले आणि परत मिटले. नेहमीची झोप होती की दुसरं काही, मला कळेना. मावशीनं त्याला माझ्याकडून ओढून घेतलं, पालथं धरलं आणि घशात बोट घातलं. फुटलेलं दूध बाहेर आलं आणि तो किंचाळून रडला.

"रडतंय न्हवं? रडू दे. निजू देऊ नको," ती म्हणाली.

दवाखाना जिंतूरला. मामंजी बैल आणायला रानाकडं पळत गेले. सासूबाई पोराचे पाय चोळत होत्या. मी पुन्हा पुन्हा त्याच्या छातीला कान लावत होते. ठोका ऐकू यायचा, पण तो बरोबर आहे की मंद, हे मला काय कळणार? कुंपणापलीकडून शेळ्यांच्या कण्हण्याचा आवाज येत होता, मग तो थांबला. मावशीनं तिकडं मान वळवली नाही.

"शेळ्यांनी कधी खाल्लं, मावशी?"

"बघितलं कुणी? सकाळी सोडल्यावर खाल्लं असंल."

"आणि काल सांजच्याला खाल्लं असेल तर?"

सकाळी, धार काढल्यावर खाल्लं असेल तर दुधात काही नाही. आदल्या संध्याकाळी खाल्लं असेल तर आहे. विष दुधात उतरतं का, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. तो सगळा दिवस मी या दोन गोष्टींच्या मध्ये काढला. गाडी जुंपून आली तोवर पोरगं भुकेनं हातपाय झाडत होतं. त्याला कण्यांची पेज दिली, ती त्याच्या पोटात टिकली. दवाखान्यात नेलं नाही. बरोबर केलं की चूक, माहीत नाही. तो जगला एवढंच.

दुसऱ्या सकाळी मावशी उरलेल्या एका शेळीचं दूध घेऊन कुंपणाशी उभी. पोरगं पेजेला तोंड फिरवून रडत होतं. मी गडवा घेईना. त्या शेळीनंही खाल्लं असेल तर?

मावशीनं गडवा तोंडाला लावून घटाघटा रिकामा केला आणि आमच्या परसात फतकल मारून बसली.

"दुपारपतूर इथंच बसते. मेले तर तुझ्या सासूला सांग, माझ्या मढ्यावर कण्हेरीची फुलं टाकायची न्हाईत."



ती बसली, तशी मी कुदळ घेतली आणि कण्हेर खणायला लागले. फुलतं झाड तोडायला सासूबाईंनी कधीच दिलं नसतं. त्या आल्या, उभ्या राहिल्या, मग पदर खोचून फांद्या गोळा करायला लागल्या. जाळायची सोय नव्हती, ओढ्यात टाकली तर गावची गुरं मरतील. मामंजींनी खोल खड्डा खणला, त्यात सगळं घालून वर दगड रचले. पोरगं झोळीत रडत होतं. मी एक डोळा मावशीवर ठेवून होते. ती जरा पेंगली की मी तिला हाक मारायची.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा ती उठली, लुगडं झटकलं. "जित्ती हाय. भांडं आण." माझ्यासमोर तिनं शेळीची धार काढली. पोरगं प्यायलं. नंतर कितीतरी दिवस दूध पाजलं की मी त्याच्या छातीला कान लावायची.

मामंजींनी मावशीला आमची कालवड दिली. तिनं घेतली, नको म्हणाली नाही. का म्हणावं?

कण्हेरीच्या जागी मी शेवंती लावली. ती शेळीनं खाल्ली तर खाऊ दे. पण कण्हेर काही गेली नाही. कुठंतरी मुळाचा तुकडा राहिला होता. दर पावसाळ्यात मी आधी कुंपणाजवळ जाऊन माती बघायची. शेवंतीच्या पिल्लांत तो तांबूस कोंब दिसायचाच. मुळासकट उपटून मी तो कुंपणावरून मावशीला दाखवायची.

"आली का गं परत भवानी?" ती विचारायची, आणि शेळी बांधून खड्डा खणायला यायची.