कुंपणातून गेलेली सायबीण

'आमच्या बापा' ही प्रार्थना मी काही वर्षं अर्धवट म्हणत होते. आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, या अर्थाचं वाक्य आलं की मी ओठ मिटून घ्यायची, आणि ते सरलं की पुन्हा सगळ्यांच्या सुरात सूर मिसळायची. मला खोटं बोलायला आवडत नाही, आणि देवापुढे तर मुळीच नाही. क्षमा केलेलीच नव्हती, मग म्हणायचं कशाला? शेजारी गुडघे टेकून बसलेल्या माझ्या सासूला, मांयला, हे ठाऊक होतं. ती कधी बोलली नाही. फक्त त्या वाक्याला ती स्वतःचा आवाज जरा चढवायची, माझाही वाटा तिनेच उचलावा तसा.

ज्याला क्षमा करायची तो इनास, आमचा शेजारी. गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता तेव्हाची गोष्ट. आमचं गाव म्हणजे खाडी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची पट्टी. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटतात ती जागा फार वाईट. पावसाच्या तोंडावर माझा नवरा सांतान आणि इनास आपापल्या होड्या घेऊन परतत होते. सांतानची होडी तिथे उलटली. पुढे असलेल्या इनासने मागे पाहिलं, पण होडी वळवली नाही. किनाऱ्यावरच्या माणसांनी हे डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या होडीत त्याचे दोन मुलगे होते, हेही खरं. सांतानला मातीआड केल्यावर इनास आमच्या दारात येऊन उभा राहिला. मी दार लावून घेतलं. तो राग खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही.

रडत बसणं माझ्या स्वभावात नाही. माडांची शिंपणी, मासळी सुकवणं, मुलीची शाळा, मांयचं औषध, सगळ्याची मी घडी बसवली. सकाळी उठून दिवसाची कामं मनात एकाखाली एक मांडायची आणि संध्याकाळपर्यंत एकेक पुसायची, ही सवय तेव्हाची. त्या कामांत दरवर्षी पाऊस सरला की एक काम ठरलेलं असे, कुंपण. पूर्वी आमच्या आणि इनासच्या परसांमध्ये नुसतं बांबूचं बेडं, म्हणजे साधं फाटक, होतं. ते सरकवून त्याची बायको नातालीन आणि मी दिवसातून दहा वेळा इकडून तिकडे करायचो. ते मी काढून टाकलं आणि तिथे काटेरी फांद्या काथ्याने आवळून बांधल्या. सबंध वाडीत असं कुंपण कोणाचं नव्हतं. कोंबडीसुद्धा पलीकडे जात नसे.

गोवा सुटला त्याच्या पुढच्या वर्षी आमच्याकडे नवे पाद्री आले. आमच्या वाडीत पावसाळ्यानंतर सायबिणीची फिरती असते. मरियामातेची मूर्ती रोज एका घरी मुक्कामाला जाते. संध्याकाळी सगळे जमून जपमाळ म्हणतात, उकडलेले चणे वाटले जातात, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरची माणसं मूर्ती स्वतःच्या हातांनी शेजारच्या घरी पोचवतात. इनासचं घर मात्र त्या वर्षांत वगळलं जाई. त्यानेच सांगितलं होतं, आमच्याकडे नको. नव्या पाद्रींनी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना संपल्यावर जाहीर केलं, की यंदा एकही घर गळणार नाही. फिरतीची व्यवस्था माझ्याकडे होती. आमच्यानंतर इनासचं घर येणार, हे मला त्याच क्षणी दिसलं.

मी उपाय काढला. आमच्या परसातून तिकडे वाट नाही, म्हणून सायबीण रस्त्याने वळसा घालून जाईल, आणि वळसा लांबचा म्हणून चर्चच्या बायका ती नेतील. कोणी हरकत घेतली नाही. कुंपण तर सगळ्यांना दिसतच होतं. मांय तेवढी म्हणाली, "वाट नाय म्हणतंस? होती गो एक." मी चण्यांची टोपली पुढे ओढली आणि निवडायला लागले.

सायबीण आमच्याकडे आली, राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी परसात मोठा आवाज झाला. जाऊन पाहते तर वरच्या अंगाला राहणाऱ्या भिकूची म्हैस कुंपणातून आरपार गेलेली, आणि तिच्यामागे भिकू धापा टाकत आलेला. खिंडार पडलं होतं ते नेमकं जुन्या बेड्याच्या जागी. बाकी कुंपणाची काडी हलली नव्हती.

"वयनी, माफ कर गो," भिकू म्हणाला. "फटाको वाजलो कसलो, दावा तोडल्यान आणि सुटली. उद्या सकाळीच येऊन तुका बांधून देतंय, पयल्यापेक्षा घट."

"जांवदे रे," मी म्हटलं. "मुका जनावर ता. घाबारला, म्हणान धावला."

मांय ओटीवर जपमाळ घेऊन बसली होती. तिने मान वर केली. "घाबारला, म्हणान धावला," ती सावकाश म्हणाली. "म्हशीचा तुका लगेच समाजला गो."

मी खिंडाराकडे बघत उभी राहिले. दोन मुलगे होडीत घेऊन त्या लाटांमधून सुटू पाहणारा माणूस इतक्या वर्षांत मी एकदाही डोळ्यांसमोर आणला नव्हता. मला दिसायची ती फक्त त्याची पाठ. भिकू बिचारा आमच्या दोघींची तोंडं बघत होता. शेवटी त्याने विचारलं, "मगे बांधू काय नको?"

"नको," मी म्हटलं. ठरवण्याआधीच तो शब्द तोंडातून गेला होता.

संध्याकाळी चर्चच्या बायका आल्या तेव्हा त्यांना नुसतं मागून चला म्हटलं. सायबीण मांयने उचलली. ज्या बाईचा मुलगा गेला ती पुढे चालली होती, पदर डोक्यावर, पाठ ताठ. माझी छाती अभिमानाने भरून आली. खिंडाराशी, काट्यांवरून पाय टाकताना तिने मूर्ती माझ्याकडे दिली. "धर गो. माझो तोल जातलो." तिचा तोल जाणारा नव्हता, हे मला माहीत आहे.

तिकडे नातालीनने पुढचं अंगण सारवून, रस्त्याच्या बाजूला दिवे लावून तयारी केली होती. आम्ही उगवलो मागच्या अंगाने, कोंबड्या पळवत. आणि तिथे, विहिरीच्या कडेला, इनास एकटा उभा होता. सायबीण पुढून आत जाईल, आपण मागेच राहावं, असा त्याचा बेत. रस्त्याने गेलो असतो तर तो आम्हाला भेटलाच नसता. मूर्ती हातात घेऊन मी त्याच्यासमोर आले. तो गुडघ्यांवर बसला, पण हात पुढे करीना.

"माझ्या हातांत नको, वयनी. नातालीनीक दी."

मागून मांयचा आवाज आला, "तुझ्या हातांका काय झाला रे? धर. तिचे दुखतत थंय."

"घे, इनास," मी म्हटलं. इतक्या वर्षांत त्याच्याशी बोललेले हे पहिलेच शब्द. त्याने हात पुढे केले. मूर्ती सोडताना मी माझे हात जरा वेळ खालीच ठेवले.

मग नातालीनच्या ओटीवर सगळे जपमाळेला बसलो. 'आमच्या बापा' सुरू झालं, ते वाक्य आलं, आणि मी ते म्हटलं. माझा आवाज माझ्याच कानांना मोठा वाटला. मांयने त्या वाक्याला पहिल्यांदाच आपला आवाज खाली घेतला.

मांय आता नाही. तिला खांदा देणाऱ्यांत इनास आणि त्याचे दोन्ही मुलगे होते. सायबिणीची वाट आपल्या म्हशीने केली, असं भिकू आजही मासळीबाजारात छाती काढून सांगतो. मी त्याला अडवत नाही. कोणी याला चमत्कार म्हणावं, कोणी म्हशीचं वेड. मला वाद घालायचा नाही. मी अजूनही कामं मांडते, पुसते, फिरतीची व्यवस्था बघते. पण प्रत्येक व्यवस्थेत एक जागा देवासाठी मोकळी सोडावी, तिथून काय आत येईल ते त्याने ठरवावं, एवढं मी शिकले, आणि त्यासाठी त्याचे आभार मानते. पाऊस सरला की कुंपण मी अजून स्वतः बांधते, आणि वाडीत तसं आजही कोणाचं नाही. खिंडाराच्या जागी पुन्हा बेडं बसवलं आहे. त्याला काथ्या मी बांधलेला नाही.