ओबुकोचा आळ

युगांडातल्या मसाकाच्या वाटेवरच्या आमच्या गावात चटई विणावी ती नबुकीरानेच. विणताना तिचे डोळे दारातल्या गप्पांकडे असायचे आणि ताडाच्या रंगीत पात्यांवर बोटं आपली आपण चालायची. आता त्याच बोटांना हातात पाती आहे की नाही, एवढंही कळत नाही. चहाचा कप ओठांपर्यंत येईतो निम्मा झग्यावर सांडतो. पायात चप्पल आहे की वाटेत गळली, हे खाली बघून ठरवावं लागतं.

स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा तिला कंपालाला केमो घ्यावी लागली. दर खेपेला जावई, वालुसिंबी, आपल्या गाडीतून न्यायचा. आमच्यात सासू-जावयाने एकमेकांना शिवायचं नसतं. शिवलं तर ओबुको लागतो, हातपाय थरथरायला लागतात, हे आमचं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून नबुकीरा मागे, खिडकीकडे तोंड करून बसायची. लेक नाक्यांझी पुढे बसून दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवायची. एवढ्याशा गाडीत केवढा तो सोहळा!

दुसऱ्या खेपेला इस्पितळाच्या पायऱ्यांवर नबुकीराला भोवळ आली. लेक औषधं आणायला गेलेली. वालुसिंबीने मागचापुढचा विचार न करता सासूला दोन्ही हातांवर उचललं आणि पळत आत नेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्या बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या.

तिने मनाशी पक्कं केलं, हा ओबुकोच. नर्स प्रत्येक वेळी विचारायची, हातापायांना मुंग्या येतात का, बधिर वाटतं का? ही मान हलवून नाही म्हणायची. जावयाने मला कवेत घेतलं, हे परक्या पोरीला कोणत्या तोंडाने सांगायचं? घरी मात्र तोंडाला कुलूप नव्हतं. लेकीला तिने बजावलं, तुझ्या नवऱ्याने माझे हात घालवले, त्याला माझ्या अंगणात आणू नकोस. वालुसिंबीने दोष फिटावा म्हणून पांढरा कोंबडा पाठवला. बाईने कोंबडा ठेवून घेतला आणि माणसाला दार बंदच ठेवलं. उरलेल्या खेपांना ती बसने गेली. गावाला काय, आयताच विषय मिळाला.

कॅन्सर गेला, हात काही परत आले नाहीत. दोन वर्षांनी तपासणीला नव्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तिला डोळे मिटायला सांगून बोटाला सुई टोचली आणि नबुकीरा वाट बघत बसली, कधी टोचताहेत म्हणून. बाई म्हणाल्या, त्या औषधाने नसांना इजा होते. मुंग्या आल्या तेव्हाच सांगितलं असतं तर मात्रा कमी करता आली असती, कदाचित इथवर आलं नसतं. आता उरलंय ते बहुधा राहणारच.

"म्हणजे हा ओबुको नाही?" नबुकीराने हळूच विचारलं.

बाई आमच्याकडच्याच. त्या हसल्या नाहीत. "ज्या बायकांना जावईच नाही, त्यांचेही हात असेच होतात," त्या म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये ती वाटभर रडली. हातांसाठी रडलीच, पण त्याहून जास्त रडली त्या कोंबड्यासाठी. एक शब्द वेळेवर बोलली असती तर हात वाचले असते. एक शब्द गिळला असता तर माणूस तुटला नसता. तिने नेमकं उलट केलं.

रविवारी तिने वालुसिंबीला बोलावणं धाडलं. तो आला, व्हरांड्यात पाठ करून बसला. ती आत दाराआड चटईवर बसली. नाक्यांझी उंबऱ्यात येऊन टेकली, पण आज निरोप पोचवायची वेळ तिच्यावर आली नाही.

"जावईबापू," नबुकीरा म्हणाली, "तुमचा काही दोष नव्हता. औषधाने झालं ते. तुम्ही उचललंत म्हणून मी त्या दिवशी आत पोचले, आणि मी तुमच्यावरच आळ घेतला. माझं चुकलं."



"तो आळ मी खराच मानला होता, सासूबाई," बाहेरून तो म्हणाला. "मागच्या वर्षी माझी म्हातारी आई बाजारात घसरून पडली. मी शेजारीच होतो. मला माझ्याच हातांची भीती वाटली. दुसरं कुणी उचलतंय का, बघत उभा राहिलो."

"मग?"

"उचललं की लोकांनी. पण तोवर ती माझ्याकडेच बघत होती."