धुईत राहिलेले दगड

परवापर्यंत ही गोष्ट माझ्या तोंडातून बाहेर पडली नव्हती. आणखी एकाच माणसाला ती माहीत होती, माझ्या बायकोला, वच्छलाला — आणि ती दिवाळीनंतर गेली. म्हणजे आता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. कोण विचारत होतं?

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. तुम्ही समोर बसले आहात असं धरून लिहितो. मधेच आडवळणाला गेलो तर समजून जा की खरं सांगायला भीत आहे.

आमचं गाव पिंपळगाव राजाजवळ, भाजीपाल्याचं. माझ्याकडे मेटाडोर होता. पहाटे गावातली भाजी भरायची आणि खामगावला हर्राशीला न्यायची — हर्राशी म्हणजे लिलाव. जिंदगी त्यात गेली. माझ्या चाकाखाली कधी कोंबडी आली नाही, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो. एकदा शाळेत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम झाला. तिथे मला बोलावून शाल-नारळ दिलं, अपघात न केलेला ड्रायव्हर म्हणून. मी माईकवर पोरांना सांगितलं — धुक्यात, म्हणजे आमच्या धुईत, मोठा लाईट लावायचा नाही, उजेड उलटा आपल्याच डोळ्यात येतो. लहान लाईट लावायचा, हळू चालायचं, गाडी बंद पडली तर रस्त्याच्या खाली घ्यायची. सगळं बरोबर सांगितलं. टाळ्या वाजल्या. वच्छलाने ती शाल दुसऱ्या दिवशी दारावर आलेल्या एका म्हातारीला देऊन टाकली. मी विचारलं नाही, काऊन दिली म्हणून. मला माहीत होतं.

देविदासचं सांगतो. आमच्या घरापासून तिसरं घर त्याचं. मला काका म्हणतो, वच्छलाला काकू म्हणायचा. वच्छला गेली तेव्हा पुढचा खांदा त्याने दिला. तेव्हापासून रोज सकाळी माझ्यासाठी चहा घेऊन येतो, त्याची बायको भाकर बांधून देते. बसतो. मी बोललो नाही तरी बसतो. त्याला मोटरसायकल चालवता येते, पण चालवत नाही. पोराच्या मागेही बसत नाही. खामगावला जायचं तर फाट्यापर्यंत पायी, मग बस. गावात सगळ्यांना याचं कारण माहीत आहे. त्याने धुईत गाडी जोरात चालवली आणि मागे बसलेली त्याची आई, तुळसाबाई, त्यात गेली.

जोरात. हा शब्द मी दिलेला आहे.

तुळसाबाई गेली त्या हिवाळ्यात अवकाळी पाऊस पडून गेला आणि मागून धुई आली. अशी की मेटाडोरचं नाक दिसे, त्याच्या पुढचं काही नाही. वच्छला सोबत होती, तिला खामगावला दवाखान्यात दाखवायचं होतं. गाडीत मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी. नाल्याचा पूल ओलांडला आणि मागचं चाक बसलं. खाली घ्यायला जागा होती. थोडी पुढे, पण होती. मी घेतली नाही. कडेला ओलं होतं, गाडी रुतली तर काढायला वेळ जाईल — असा हिशेब केला. रस्त्यातच जॅक लावला. मागचा लाल लाईट कित्येक दिवसांपासून बंद होता, तेही सांगून टाकतो. मग आपण सगळे करतो तेच केलं. बाजूच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, मोठाले दगड आणून गाडीच्या मागे रस्त्यावर मांडले. वच्छलाने लिंबाची एक मोठी फांदी ओढत आणून त्यांच्यामागे टाकली, येणाऱ्याला आधी ती दिसावी म्हणून.

चाक बदललं. हात गारठलेले, नट धरवत नव्हते. मनात एकच — उशीर झाला की आपला माल मागे लागतो, आणि मेथी तर कोणाची वाट पाहत नाही. जॅक आत फेकला आणि सीटवर चढलो. वच्छला मागेच होती. तिने फांदी उचलून खाली नालीत टाकली, एक दगड कडेला ढकलला, आणि ओरडली, "अहो, हे दगडं घ्या नं बाजूले. मले नाही हालत हे."

"चाल, बस लवकर. मागून येणारा सारीन बाजूले."

"अन त्याले दिसलेच नाही तं?"

मी हॉर्न दिला. ती पुन्हा वाकली असावी — आरशात तर धुईच होती. मी परत हॉर्न दिला, धरून ठेवला. ती आली, बसली, दार लावलं. तुमच्या लक्षात येतंय ना? उतरून दोन हात लावले असते तर झालं असतं. तब्येत चांगली होती माझी. मी तिला हॉर्न वाजवून बोलावलं. ढोराला हाकलतात तसं.

हर्राशीत माल वेळेवर लागला. हेही सांगतो, कारण त्या दिवशी मी त्यावर खूश होतो.

परत आलो तेव्हा ऊन पडलं होतं. पुलाजवळ माणसं जमलेली. दोघांना केव्हाच खामगावला नेलं होतं, तुळसाबाई रस्त्यातच गेली असं कोणीतरी सांगितलं. ती पोरीकडे निघाली होती, देविदास तिला बसवर सोडायला चालला होता. मोटरसायकल आडवी पडलेली. दगड लोकांनी कडेला लोटले होते. मी ते दगड ओळखले — धुऱ्याची काळी माती अजून त्यांच्या बुडाला होती. रस्त्यात दगड होते हे सगळ्यांनी पाहिलं, पण आपल्याकडे रस्त्यावर दगड असतातच. ते कोणी ठेवले, हे कोण विचारतं?

एकजण म्हणाला, "बरं झालं तुम्ही आले, ही गाडी टाका नं तुमच्यात, घरी नेऊन द्या." मी चौघांसोबत ती मोटरसायकल उचलली आणि माझ्या मेटाडोरमध्ये घातली. लोक म्हणाले, देवासारखा आला माणूस. वच्छला केबिनमधून उतरली नाही. पुढे काचेकडे पाहत बसली.

मग चहाच्या हॉटेलपुढच्या बाकावर बोलणं निघालं. एवढा मोठा दगड याला दिसला कसा नाही? मी तिथे होतो. गप्प तरी राहायचं ना? पण गप्प राहिलो तर कोणाला शंका येईल, असं वाटलं. मी म्हटलं, "जोरात असीन बे. हळू चालणाऱ्याले दिसते." मी जुना ड्रायव्हर, माझा शब्द चालला. दोन दिवसांत ते सगळ्या गावाचं मत झालं.

देविदास दवाखान्यात होता, डोक्याला टाके, पाय बांधलेला. मी भेटायला गेलो. केळी नेली. तो म्हणाला, "काका, मी हळूच होतो हो. आई मांगं होती, मी जोरात काऊन पळवीन?" खाटेभोवती त्याचे पाहुणे उभे होते. मी म्हटलं, "हळू असता तं असं झालं असतं का? जाऊ दे आता." मोठ्या मायेने म्हटलं, खांद्यावर हात ठेवून. त्यानंतर तो हळू होतो असं म्हणाला नाही. काही महिन्यांनी तो आपल्याच तोंडाने सांगायला लागला की मी जोरात होतो. त्याला तसं आठवायलाही लागलं. एखाद्याच्या डोक्यातलं खरं काढून घ्यायचं आणि तिथे आपलं खोटं ठेवायचं — याला तुमच्याकडे काय म्हणतात? चोरी म्हणत असाल तर कमी आहे.

इथपर्यंत सांगितलं. आता जे राहिलं ते याहून वाईट आहे. तिथेच मी फिरून फिरून येतोय आणि पुढे जात नाही.

तेराव्यानंतर वच्छला म्हणाली, मी देविदासला सांगून टाकते. तिला अन्न जात नव्हतं. ओसरीत ती चप्पल घालत होती. मी आडवा आलो नाही, हात उगारला नाही. मी फक्त म्हटलं, "सांग. पण फांदी कोणं काढली तेही सांग. फांदी असती तं त्याले दुरून दिसलं असतं."

ती तशीच उभी राहिली. मग चप्पल काढून ठेवली.

पुन्हा तिने तो विषय काढला नाही. कधीच नाही. देविदासच्या घरी ती सणाला पुरण पाठवायची, त्याच्या पोरांची आंघोळ-पांघोळ करायची. लोक म्हणत, आईवेगळ्या पोराला काकूने आई दिली. मी ऐकायचो. मला माहीत होतं ती कशापायी राबते. ती समजत होती की तुळसाबाई तिच्या हाताने गेली. आणि तिने ती फांदी काऊन उचलली होती? रस्ता मोकळा करावा म्हणून. ती काम बरोबर करत होती, तिचं काम अर्धं राहिलं ते माझ्या हॉर्नमुळे. हे एक वाक्य मी तिला म्हणू शकलो असतो. रोज सोबत जेवत होतो. शेवटी ती खाटेवर पडली, मी पाणी पाजायचो, तेव्हाही घरात आम्ही दोघंच असायचो. म्हटलं नाही. तिने एकदा विचारलं, "त्या फांदीचं पाप देव माह्यावर धरीन का हो?" मी म्हटलं, झोप.

झोप, म्हटलं मी.

परवा पुन्हा तशी धुई पडली. देविदास चहा घेऊन आला, दारात उभा राहून बाहेर पाहत म्हणाला, "अशीच होती काका त्या दिवशी. मायच्या जिवाले मीच खाल्लं." आधीही तो असं म्हणायचा, तेव्हा वच्छला उठून आत जायची. आत जायला आता कोणी नव्हतं. मी सांगितलं. चाक, दगड, बाकावर काय बोललो, दवाखान्यात काय बोललो. सगळं क्रमाने.

तो उभाच होता. म्हणाला, "म्हंजे मी हळूच होतो?"

"हळूच होता."

"पक्कं?"

"तू तवाच म्हणला होता. मीच तुले खोटं पाडलं."

त्याने तोंडावरून हात फिरवला. मला वाटलं आता मारतो. मारलं असतं तर बरं, असंही वाटलं, पण ते माझ्या सोयीचं होतं. मग त्याने विचारलं, "काकूले माहीत होतं?"

खोटं बोलू का? त्याची आई एकदा घेतली, आता ही दुसरीही घ्यायची का? पण खोटं आता होत नव्हतं. म्हटलं, "होतं. ती तुले सांगाले निघाली होती. म्या तिचं तोंड बंद केलं." कसं बंद केलं ते त्याने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. फांदीचं फक्त इथे लिहिलं आहे. दोष वच्छलाचा नव्हता, तिला मी खोटं सांगितलं होतं, हे कुठेतरी माझ्या हाताने लिहिलेलं असावं म्हणून.

देविदास निघून गेला. काल आला नाही. आजही नाही. त्याने यावं असं मी म्हणत नाही.

आज सकाळी हॉटेलवर गेलो. त्याच बाकावर चार माणसं बसलेली, त्यातली दोन तेव्हाची. मी म्हटलं, देविदास हळू होता. दगड माझे होते, मी उचलले नाहीत. चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला. एकाने सवयीने सरकून मला बसायला जागा केली.

मी बसलो नाही.