आमचं सोलर आणि नातीचं बारसं

आमच्या छतावर सोलर बसलं, त्या दिवसापासून मी लोकांशी बोलणं बंद केलं आणि भाषणं सुरू केली. वाळूजच्या कंपनी बसमध्ये माझ्या शेजारी बसणारा माणूस क्रांती चौक यायच्या आतच डोळे मिटून घ्यायचा. (झोपेचं सोंग! मला कळायचं. तरी मी बोलायचो.)

सोलरसोबत बॅटरी घ्यायची का, यावर मात्र घरात वाद झाला होता. बॅटरी महाग. बायको, रेखा, म्हणाली, "अहो, आपल्याकडं लाईट लई जाती. सोलरवाले काय म्हणतात ते ऐका तरी." सोलरवाला सांगायला लागला, तर मीच त्याला थांबवलं. "दिवसा सूर्य, रात्री सरकारी लाईन. मधी बॅटरीचं काय काम?"

या वाक्यावर मी इतका खूश झालो, की जालन्याच्या विहीणबाईंनाही फोनवर तेच ऐकवलं. वर म्हणालो, "नातीचं बारसं आमच्याकडंच! आख्ख्या शहराची लाईट जाऊ द्या, दिवसा आमची जायची नाय!"

बारसं मे महिन्यात, भर दुपारी. घर पाहुण्यांनी गच्च, दोन कुलर जोरात, मी त्याहून जोरात. आणि पाळण्याची दोरी हातात घेतली न घेतली, तोच लाईट गेली. कुलर बंद! पंखे बंद! मी तेवढा चालू.

"घाबरू नका, आता सोलर सुरू होईल!"

पाच मिनिटं झाली. विहीणबाई पदरानं वारा घेत गोड आवाजात म्हणाल्या, "भाऊ, सूर्याला निरोप गेला का?"

मी टॉवेल घेऊन छतावर पळालो आणि पॅनल पुसायला लागलो. शेजारचे शेखचाचा त्यांच्या गच्चीवरून बघत होते. "भाई, धूप तो फुल है. फिर पंखा कायकू बंद?"

मी चिडून सोलरवाल्याला फोन लावला. उन्हात स्क्रीन दिसेना, म्हणून स्पीकर चालू केला. (ही दुसरी चूक!) "काका, लाईन गेली की सोलर आपोआप बंद होतं," तो म्हणाला. "नाय तर तुमची वीज तारेत जाऊन खांबावरच्या वायरमनला झटका बसंल. बॅटरी असती तर घर चाललं असतं. त्या दिवशी तेच सांगत होतो!"

दोन्ही गच्च्यांनी ऐकलं. खाली उतरलो, तर रेखानं शेखचाचांच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढून बाळाजवळ पंखा लावलेलाही होता! सोलरच्या घरात शेजारची हवा! आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, मग मोठ्यानं म्हणाली, "रश्मी!" रश्मी म्हणजे किरण. सगळं घर माझ्याकडं बघून हसलं. विहीणबाई मात्र रेखाचा हात धरून म्हणाल्या, "ताई, बाळ घामेजलंसुद्धा नाय. तुमच्यासारखी आजी मिळायला नशीब लागतं!" माझी छाती तिथंच फुगली. (बायको माझीच ना!)

दुसऱ्याच दिवशी मी सगळ्यात मोठी बॅटरी आणायला निघालो. रेखानं अडवलं. "पंखे, दिवे आणि फ्रिज चालंल एवढीच घ्यायची. नुसत्या मोठेपणासाठी कुलर आणि गिझर बॅटरीवर चालवायचे नाय." तिच्या हिशेबानं बॅटरी आली, आणि मी सोफ्यावर बसून लाईट जायची वाट बघायला लागलो.

लाईट जाईचना! आमच्या भागात नवा ट्रान्सफॉर्मर बसला होता. अख्खा जून गेला, जुलै गेला. एवढं ऐटदार यंत्र घरात, आणि दाखवायला अंधार नाही!

शेवटी शेखचाचाच दारात आले. "भाई, तुम बॅटरी लिए, तब से गली की लाईट नइं गई. निकालना नक्को हां!"

तेव्हापासून कुणीही विचारलं, की मी छातीठोकपणे सांगतो, बॅटरी घेणं शंभर टक्के परवडतं. फक्त ती शेजाऱ्यानं घ्यावी!