बारूदगिरणीतला दुसरा माणूस

रंगनाथला आमच्या कॅम्पात सगळे ओळखत, पण कधीमधी तो तिथं आला तरी त्याच्या शेजारी जेवायला कुणी बसत नसे. बारूद करणारा माणूस, न जाणो अंगातून ठिणगी उडायची, म्हणून आमचे शूरवीर दोन ताटं सोडून बसायचे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. मी पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर, त्यामुळे मला त्याच्याकडे जाणं भागच होतं.

कंपनीची दगडखाण आखातात, दोह्यापासून लांब, सौदीच्या सरहद्दीकडे. १९८० साली इराण-इराकची जुंपली आणि जहाजं यायला का-कू करू लागली. सुरुंगाची दारू बाहेरून यायची, ती अडली. लढाई त्यांची, पण रस्त्याला खडी आम्हाला लागणार. मग साहेबानं खाणीपासून दूर, उघड्या वाळवंटात दोन खोल्या बांधल्या आणि बारूद इथंच करायचं ठरवलं. रंगनाथनं पुण्याकडे दारूगोळ्याच्या कारखान्यात उमेदीची वर्षं काढलेली. साहेबाला तो आयताच सापडला.

सोरा, गंधक आणि कोळसा मिसळायची ती खोली. तिथं विडी नाही, चूल नाही, लोखंडाचा तुकडा नाही. पायात काही घालायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे खोलीत एका वेळी एकच माणूस. का, तर उडालाच तर एकच उडावा. असा नियम पाळणारा माणूस राहायलाही तिथंच वाळवंटात, जेवायलाही तिथंच. कॅम्पातून येणारं कालवण पोचेपर्यंत गार व्हायचं, आणि तो ते मुकाट्यानं खायचा.

मी टाकीत पाणी सोडायला लागलो की म्हणायचा, "शहाजी, नळी जरा बारीक सोड की. घाई काय हाय तुला?" पाणी संपलं की मी जाणार, हे त्याला ठाऊक होतं. साहेब आला की तो एकच मागणं मागायचा, "सर, एक आदमी दो." पगार वाढवून मागितलेला मी कधी ऐकला नाही.

दोन वर्षांनी काम वाढलं तेव्हा साहेबानं माणूस दिला. दापोलीकडचा उस्मान, तोंडाचा पट्टा अखंड चालू. शेजारच्या खोलीत तो कोळसा कुटायचा. मधे जाड भिंत. रंगनाथ लाकडी मोगरीनं भिंतीवर ठोकायचा, उस्मान पलीकडून उत्तर द्यायचा. संध्याकाळी दोघं चालत पार सडकेपर्यंत यायचे, कारण तिथं जाळ केला तर चालायचं. तीन दगडांवर चहा ठेवायचे. रंगनाथ हसतो, त्याच्या बायकोचं नाव सत्यभामा आहे, हे सगळं मला त्या चहावर कळलं. दोन वर्षं पाणी मी घातलं आणि गप्पा मात्र उस्मानच्या वाट्याला गेल्या. मला थोडा मत्सरच वाटला.

पुढच्या उन्हाळ्यातली दुपार. मी पाणी सोडत होतो. उस्माननं भिंतीवर ठोकलं, उत्तर आलं नाही. पुन्हा ठोकलं. मग तो धावत सुटला, थेट मिसळणीच्या खोलीत. मी नळी धरून तसाच उभा राहिलो. उस्माननं रंगनाथला काखेत हात घालून बाहेर ओढला. उष्म्यानं भोवळ आली होती. आम्ही त्याच्यावर पाणी ओतलं. त्यानं डोळे उघडले आणि पहिल्यांदा पाहिलं ते उस्मानच्या पायांकडे. पायात चपला होत्या, टाचेला लोखंडी नाल मारलेल्या.

"अरे, जीव वाचला तुझा, चपला कसल्या बघतोस?" उस्मान हसत म्हणाला. "मेला असतास तर मी बोललो असतो कोणाशी?"

त्याच आठवड्यात साहेब आला, तेव्हा रंगनाथनं सांगितलं, "सर, इस आदमी को ले जाओ. ये काम का नहीं."

उस्मानला दोह्याच्या गोदामात धाडायचं ठरलं, आणि न्यायचं माझ्याच टँकरमधून. मी रंगनाथला बाजूला घेतला आणि तोंडाला येईल ते बोललो. ज्यानं मरणातून ओढलं त्यालाच हाकलतोस, माणूस आहेस का कोण?

तो म्हणाला, "एक ठिणगी पडली असती तर दोघं गेलो असतो. आणि म्या पुन्हा पडलो तर ह्यो पुन्हा येणार. चपला काढायचं बी भान न्हाई राहणार त्याला. सांगून ऐकणारातला न्हाई तो."

"मग हे त्याला सांग की."

"सांगितलं तर जाईल का? हसंल आन हितंच ऱ्हाईल. त्याला वाटू दे, म्या चिडलोय."

साहेबानं दुसरा माणूस देऊ का विचारलं होतं. रंगनाथ नको म्हणाला होता.

निघताना रंगनाथ बाहेर आला नाही. सडक लागल्यावर उस्मान म्हणाला, "शहाजी, खरं सांग. तो माज्यावर रागावला काय?"

मी समोर बघत गाडी चालवत राहिलो.

"हो," मी म्हणालो. "लई रागावलाय. परत तोंड दाखवू नको म्हणतोय."