ताजमहालाची मागची बाजू

पांढुर्ण्याच्या लोकांनी जगातली बरीच प्रसिद्ध ठिकाणं पुढून पाहिली आहेत. मी ती मागून पाहिली. आमच्या चौकात नवरात्रात देवीचा मंडप उभा राहतो आणि त्याची पाठ बरोबर माझ्या कापडाच्या दुकानाकडे येते. पुढे आयफेल टॉवरच्या दिव्यांखाली लोक सेल्फी काढायचे तेव्हा माझ्यासमोर लाकडी बल्ल्या, सुतळीच्या गाठी आणि फाटकं तरट असायचं. इजिप्तचा पिरॅमिड, लाल किल्ला, रोमचं ते पडकं गोल मैदान, सगळ्यांची पाठ एकसारखी. गिऱ्हाईक बांबूखालून वाकत आत यायचं आणि वर मलाच विचारायचं, "भाऊ, दुकान चालू आहे ना?"

हे सगळं उभं करणारा माणूस म्हणजे प्रभाकरभाऊ. आधी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आले, पाट्या गेल्या आणि हा मंडपाच्या कामात शिरला. मंडळाची पोरं मोबाइलवर फोटो दाखवणार, हा तो दोन बोटांनी मोठा करून बघणार आणि "होऊन जाईन" म्हणणार. स्वतः तो नागपूरच्या पलीकडे कधी गेला नव्हता. फोटो बहुतेक पुढूनच काढलेला असतो, म्हणून यानंही जन्मभर पुढचंच बांधलं. एकदा मी वैतागून मागच्या तरटाचा विषय काढला, तर म्हणतो कसा, "मांगून कोन पाहून राह्यलं भाऊ?" मी म्हटलं, मी पाहतो ना, रोज! त्यावर तो असा मनापासून हसला की मला पुढे भांडताच आलं नाही.

त्याची बायको केसरबाई दुपारी डबा घेऊन यायची आणि त्याचं काम संपेपर्यंत माझ्या पायरीवर बसायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. हा शिडीवर, ती पायरीवर, असा त्यांचा संसार मी बघत आलो. लग्न नवं असताना त्यानं थर्माकोलचा पहिला ताजमहाल केला होता. तो पाहून ती म्हणाली होती, "आता खरा दाखवा." तेव्हापासून प्रभाकरभाऊचं एकच उत्तर होतं, "हा सीझन होऊ दे." गणपती झाले की देवी, देवी झाली की लग्नाचे स्टेज. त्याचा सीझन कधी संपलाच नाही.

मग तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. या आजारात नजर कडेकडेनं मिटत आत येते. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, थेंब घालून उरलेली सांभाळा. ती दाराच्या चौकटीला धडकू लागली, चहा कपाबाहेर ओतू लागली. तेव्हा कुठे या माणसाला जाग आली आणि त्यानं नवरात्राच्या तोंडावर आग्र्याची तिकिटं काढली. मला त्याचा राग येतो तो इथं. प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही, पण ते नेहमी कामाच्या मागं रांगेत उभं असायचं.

वार तिनं निवडला. केसरबाई वैभवलक्ष्मीचे शुक्रवार करायची आणि तिच्या आयुष्यात जे काही चांगलं झालं ते शुक्रवारीच झालं, असा तिचा पक्का समज होता. "शुक्रवारी पाह्यलेलं डोयात राह्यते," ती म्हणाली. आसपासच्या बायकांनी तिला स्टेशनवर पोचवलं, चिवडा बांधून दिला, कोणी नवं पातळ दिलं. आमच्या चौकात मोबाइल नाही असा माणूस सापडणार नाही, पण शुक्रवारी ताजमहाल बंद असतो हे एकालाही ठाऊक नव्हतं.

पुढचं मला प्रभाकरभाऊनंच सांगितलं. फाटकावरचा शिपाई म्हणाला, आज बंद है, कल आना. एका रिक्षावाल्याला दया आली, त्यानं दोघांना नदीपलीकडच्या बागेत नेलं. तिथून ताजमहालाची पाठ दिसते.

"पन भाऊ, त्याले पाठच नाई!" हे सांगताना त्याचा आवाज चढला होता. "चारीकडून सारखाच आहे थो. मी जिंदगीभर पुढचंच करत राह्यलो अन् मांगं तरट लावलं."

तो बघतच राहिला. इतका, की बायको शेजारी आहे हेही क्षणभर विसरला. मग तिनं विचारलं, "कोनीकडं आहे?" त्यानं तिची हनुवटी धरून तोंड नीट वळवलं. दुपारचं ऊन होतं, नदीवर धुरकट होतं. ती खूप वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "दिसला. पांढरा पांढरा दिसला." पण तोवर तिची मान कलली होती आणि ती बघत होती तिकडे नुसतं आभाळ होतं. त्याला ते समजलं.

एक दिवस थांबले असते तर? विचारूच नका. तेवढ्यात मंडळाच्या सेक्रेटरीचा, म्हणजे गौरवचा, फोन आला की बांबू येऊन पडले आहेत, तुम्ही कुठं आहात. प्रभाकरभाऊनं तिच्याकडे पाहिलं. तीच म्हणाली, "चला जी, पुढच्या सालाले पुढून पाहू." परतीची तिकिटं त्याच दिवसाची होती, ते निघाले.

पुढच्या वर्षापर्यंत तिला दिवस आणि रात्र एवढंच कळायचं उरलं. बायका विचारायच्या, काकू, ताजमहाल कसा आहे? ती माझ्या पायरीवर बसून आरामात सांगायची, "आमी मांगून पाह्यला ना बाई. शुक्रवार निंगाला, फाटक बंद. मांगून काई खास दिसत नाई थो, पुढून दिसते." हे मी इतक्यांदा ऐकलं की मला पाठ झालं. दोष शुक्रवाराचा होता, बाजूचा होता, डोळ्यांचा नव्हता. तेवढ्यावर ती बाई तग धरून होती.

यंदा मंडळानं पुन्हा ताजमहाल ठरवला आणि प्रभाकरभाऊ हट्टाला पेटला की चारही बाजू करीन. गौरव म्हणाला, मागं दुकानं आहेत, कोण बघणार? याचं ऐकणं नाही. बाकीची माणसं जेवायला गेली की हा मागच्या बाजूला शिडी लावायचा. पहिल्यांदाच माझ्या दुकानासमोर कमान उभी राहिली, तिच्यावर वेलबुट्टी आली. खोटं कशाला बोलू, मी खूश होतो. चारही बाजू सारख्या असतात हे त्यानं केसरबाईला सांगितलं नव्हतं. तिच्या हातांनाच ते कळावं म्हणून राखून ठेवलं होतं.

घट बसायच्या आदल्या दिवशी तो तिला हाताला धरून घेऊन आला. तिचा तळवा त्यानं कमानीवर ठेवला. ती हळूहळू चाचपत गेली. कमानीची कड, फुलं, कोपरा, पुन्हा कड.

"हे तं पुढचं व्हय," ती म्हणाली.

"नाई, मांगचं," तो लहान पोरासारखा आनंदला होता. "तेच तं सांगून राह्यलो तुले! चारीकडून सारखाच आहे. आपुन जो पाह्यला, थो पुराच पाह्यला."

तिचा हात थांबला.

"मांगूनबी असाच दिसते?"

"असाच."

"मंग मले काहून नाई दिसला जी?"

तेव्हा त्याला कळलं आपण काय केलं ते. तो मटकन तिथंच बांबूंच्या ढिगावर बसला आणि रडायला लागला. मी आत वळून उगाच ताग्यांच्या घड्या करत बसलो, कारण मलाही बघवेना. केसरबाईनं हात काढून घेतला. बोटांना ओला पांढरा रंग लागला होता, तो तिनं पदराला पुसला आणि म्हणाली, "घरी चला."

नवरात्रभर लोकांनी दोन्ही बाजूंनी सेल्फी काढले. केसरबाई पायरीवर आली नाही. दसऱ्यानंतर एकदा भाजीवाल्याजवळ दिसली. कोणाची तरी नवी सून तिला विचारत होती, काकू, तुम्ही खरा ताजमहाल पाहिलाय म्हणे?

"नाई बाई," ती म्हणाली, "आमी गेलोच नाई."