कमरेएवढ्या उंचीवर

लातूरच्या बसस्टँडसमोर भिंती रंगवणारे एक चाचा मी एकदाच पाहिले. त्यांना डोळ्यांच्या दवाखान्याकडं जाणारा बाण काढायचा होता. आधी त्यांनी आपल्या चादरीचं गाठोडं केलं, डोक्यावर घेतलं आणि स्टँडच्या फाटकापासून सावकाश चालत आले. जिथं नजर पडली तिथं खडूनं खूण केली. जेमतेम कमरेएवढ्या उंचीवर. मग उकिडवं बसून तिथं एक डोळा रंगवला, शेजारी लाल बाण.

मला शहाणपण सुचलं. म्हणालो, "चाचा, इतक्या खाली कोण बघणार?"

ब्रश न थांबवता ते म्हणाले, "डोक्यावर वझं असलेली बाई मान वर करती का, साहेब? आन् वाचायलाबी येत न्हाई तिला."

रंग वाळायच्या आतच देवणीच्या गाडीतून एक बाई उतरली. डोक्यावर गाठोडं होतं, हातात डोळ्याला पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्याचा हात. कुणालाही न विचारता ती बाणापाशी बरोबर गल्लीत वळली.

ती गेल्यावर मी माझी पिशवी डोक्यावर ठेवून पाहिली. वीस वर्षं वाचत आलेले सगळे बोर्ड गायब झाले. भिंतीवर तेवढा एक डोळा उरला, माझ्याकडं बघणारा.